सोन्यापायी वसलेल्या गावांचे विहंगम नकाशे: नवख्यांनी सुरुवात कुठून करावी

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत विहंगम नकाशे काढणारे चित्रकार गावोगाव फिरत. दोन-तीन हजार फूट उंचीवर एखादा पक्षी घिरट्या घालतोय आणि खालचं गाव त्याला तिरकं दिसतंय, असा हा नकाशा. त्यात रस्ते, चर्च, गिरण्या, एकेक घर, घराच्या खिडक्या, वळणावरची घोडागाडी, सगळं असतं. अशी हजारो गावं कागदावर उतरली. मला त्यातली सोन्याच्या (आणि चांदीच्या) धावपळीतून जन्मलेली गावं सगळ्यात जास्त आवडतात. ती चार-दोन वर्षांत वर आली आणि पुष्कळदा तितक्याच लवकर रिकामी झाली. मधल्या भरात कुणीतरी येऊन त्यांचं घर न् घर काढून गेलं.

हे नकाशे बघायला छदामही लागत नाही. विकत घ्यायचे तर खिसा चांगलाच हलका होतो. तरी नवा माणूस बहुधा आधी खरेदी करतो आणि बघायला नंतर शिकतो. इथे क्रम उलटा ठेवला आहे: आधी हे नकाशे का आणि कसे निघाले, मग ते कसे वाचायचे, आणि खरेदी अगदी शेवटी. नुसतं वाचण्यावर समाधान झालं तर शेवटचा भाग सोडून दिलात तरी चालेल.

पैसे कुणी दिले, ते आधी समजून घ्या

बलूनमधून कुणी वर गेलं नव्हतं. चित्रकार गावात यायचा, रस्त्यांची मोजणी झालेला आराखडा मिळवायचा आणि तो तिरक्या कोनात, लांबचं लहान आणि जवळचं मोठं, असा पुन्हा आखायचा. मग वही घेऊन गल्ली न् गल्ली पायी पालथी घालायची. प्रत्येक इमारतीचा दर्शनी भाग, मजले, छपराचा उतार, धुराडं टिपायचं. ही सगळी टिपणं आखलेल्या जाळीत बसवली की कच्चं चित्र तयार. ते गावात लोकांना दाखवायचं, स्थानिक वर्तमानपत्रातून दोन शब्द छापून आणायचे आणि आगाऊ मागणी नोंदवून घ्यायची. पुरेशी गिऱ्हाइकं जमली की चित्र सॅन फ्रान्सिस्को, मिलवॉकी किंवा शिकागोच्या शिळाछापखान्यात (दगडावरून छापणाऱ्या छापखान्यात) जायचं. छापून आलेली प्रत साधारण दोन ते पाच डॉलरला विकली जायची.

थॅडियस फाउलर, ओकली बेली, अल्बर्ट रुगर, ल्यूशियन बर्ली आणि हेन्री वेल्गे ही या धंद्यातली मोठी नावं. वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये असलेल्या विहंगम नकाशांपैकी निम्म्याहून अधिक या पाच जणांचे आहेत. खाणगावांच्या बाजूला तुम्हाला वेल्गे भेटेल, शिवाय ऑगस्टस कॉख, एली ग्लोव्हर आणि त्यांच्या आधीची चार्ल्स कुचेल व एमिल ड्रेसेल ही जोडी.

म्हणजे नकाशाचा खर्च गावच्या व्यापाऱ्यांनी आणि खाणवाल्यांनी उचललेला असे. पूर्वेकडच्या भांडवलदाराला पत्रासोबत पाठवायचा, हॉटेलात लावायचा, "आमचं गाव बघा" म्हणायचं. त्यामुळे प्रत्येक धुराड्यातून धूर निघतो, प्रत्येक रस्ता रुंद आणि कोरडा दिसतो, आगगाडी नेमकी त्याच क्षणी गावात शिरत असते. पायाचा दगडही न बसलेली इमारत कधी कधी पूर्ण बांधून उभी असते. म्हणून मी या नकाशांना अर्धा दस्तऐवज आणि अर्धी जाहिरात मानतो. तुम्हीही तसंच माना, म्हणजे ते फसवत नाहीत. घरांची जागा आणि संख्या बऱ्यापैकी विश्वासाची. थाटमाट मात्र चार आणे कमी करून घ्यायचा.

दोन वर्षं शेजारी शेजारी लिहा

कोणताही नकाशा उघडला की वहीत दोन आकडे लिहा: सोनं कधी सापडलं आणि नकाशा कधी निघाला. नवख्या माणसाला सगळ्यात जास्त शिकवणारी गोष्ट हीच आहे आणि तिला दोन मिनिटं लागतात.

कॅलिफोर्नियात जेम्स मार्शलला कोलोमा इथल्या लाकूड कापायच्या गिरणीच्या पाटात सोनं दिसलं ते जानेवारी १८४८ मध्ये. कुचेल आणि ड्रेसेल यांची तिथल्या खाणगावांची चित्रमालिका १८५५ पासून पुढची. मोंटानातल्या हेलेनाला सोनं सापडलं १८६४ मध्ये, ग्लोव्हरनं गाव काढलं १८७५ मध्ये. दक्षिण डाकोटातल्या डेडवुडला झुंबड उडाली १८७६ ला, विहंगम नकाशा १८८४ चा. कोलोरॅडोच्या क्रिपल क्रीकला १८९० मध्ये सोनं, १८९६ मध्ये नकाशा. कॅनडातल्या क्लोंडाइकच्या खोऱ्यात ऑगस्ट १८९६ मध्ये सोनं सापडलं आणि डॉसन गाव वसलं. एप्टिंगचा नकाशा १९०३ चा, आणि तोवर डॉसनचे हजारो लोक अलास्कातल्या नोमच्या वाटेला लागून चार वर्षं झाली होती.

सात वर्षं, अकरा वर्षं, आठ, सहा, सात. ज्या गावात सगळेच तंबूत राहतात आणि उद्या पुढच्या ओढ्यावर जायच्या तयारीत असतात, तिथे चित्राची आगाऊ मागणी नोंदवणार कोण? भिंत नाही, तिथे चित्र टांगणार कुठे? म्हणून चाळणी घेऊन ओढ्यात उभा असलेला, दाढी वाढलेला माणूस या नकाशांत शोधू नका. तुम्हाला दिसतं ते त्यानंतरचं गाव: कंपन्यांच्या खोल खाणी, पगारी कामगार, बँका, शाळा, चर्च. तंबूचा काळ हवा असेल तर दुसऱ्या जातीची चित्रं बघा. जॉर्ज कूपरनं डिसेंबर १८४९ मध्ये काढलेलं सॅक्रामेंटोचं शिळाछाप चित्र उत्तम आहे. ते आकाशातून काढलेलं नाही, नदीकाठच्या जे स्ट्रीटच्या तोंडाशी उभं राहून काढलंय.

फुकट नकाशे कुठे आणि कसे उघडायचे

पहिला पत्ता लायब्ररी ऑफ काँग्रेसचा. तिच्या संकेतस्थळावर "पॅनोरॅमिक मॅप्स" या नावाचा स्वतंत्र संग्रह आहे. शोधताना अर्थात रोमन लिपीत टाइप करा, गावाचं नाव आणि राज्य. दुसरा पत्ता डेव्हिड रम्सी यांचा नकाशासंग्रह. मूळ संग्रह आता स्टॅनफर्ड विद्यापीठात आहे आणि स्कॅन सर्वांना खुले आहेत. कॅलिफोर्नियाच्या सुरुवातीच्या गावांसाठी बर्कलीची बँक्रॉफ्ट लायब्ररी बघायलाच हवी. नकाशे इतके जुने आहेत की अमेरिकेत त्यांच्यावरचा स्वामित्वहक्क कधीच संपला आहे, तेव्हा उतरवून घ्यायला, छापून घ्यायला संकोच नको.

नावांचा घोळ आधीच सांगून ठेवतो. व्हर्जिनिया सिटी दोन आहेत आणि दोन्ही खाणगावं: एक नेव्हाडात, एक मोंटानात. नेव्हाडा सिटी हे गाव नेव्हाडात नाही, कॅलिफोर्नियात आहे. आणि त्याच नावाचं आणखी एक मोंटानात. गावाबरोबर राज्य टाइप केलं नाही तर भलत्याच डोंगरात जाऊन पोचाल. जुन्या नकाशावर राज्याऐवजी टेरिटरी (अजून राज्याचा दर्जा न मिळालेला प्रदेश) असं लिहिलेलं सापडतं. नेव्हाडा १८६४ मध्ये राज्य झालं, कोलोरॅडो १८७६ मध्ये, मोंटाना आणि दोन्ही डाकोटा १८८९ मध्ये. साल पुसट झालं असेल तर एवढ्यावरूनही अंदाज लागतो.

स्कॅन उतरवताना सर्वांत मोठी फाइल घ्या, जेपेग२००० किंवा टिफ. नेट जरा खाईल, पण छोट्या फाइलमध्ये दुकानाच्या पाट्या म्हणजे नुसती मुंग्यांची रांग दिसते. मोबाइलवर बघू नका. पूर्ण नकाशा एकदा नजरेखाली घातल्याशिवाय कोपऱ्यांना अर्थ येत नाही, आणि मोबाइलवर एका वेळी कोपराच दिसतो.

एक गाव नीट वाचून बघू: व्हर्जिनिया सिटी, नेव्हाडा

सरावासाठी मी हे गाव सुचवतो, कारण याचे चौदा वर्षांच्या अंतराने निघालेले दोन चांगले नकाशे आहेत.

१८५९ मध्ये इथले लोक सोनं शोधत होते आणि चाळणीत अडकणाऱ्या निळसर चिखलाला शिव्या घालत होते. तो चिखल तपासून घेतल्यावर कळलं की त्यात भरपूर चांदी आहे. काटेकोर बोलायचं तर हे चांदीचं गाव. पण कॉमस्टॉक नावाच्या इथल्या खनिजाच्या शिरेतून सोनंही चिक्कार निघालं. इथला पैसा सुरुवातीपासूनच कंपन्यांचा होता. त्यामुळे वरचा सहा ते अकरा वर्षांचा हिशेब या गावाला लागू पडत नाही. दोनच वर्षांत, १८६१ मध्ये, पहिलं मोठं चित्र तयार झालं.

ते काढलं ग्राफ्टन टायलर ब्राउननं. ऐन विशीतला हा कृष्णवर्णीय तरुण पेनसिल्व्हेनियातून पश्चिमेला आला होता. पुढे सॅन फ्रान्सिस्कोत त्यानं स्वतःचा शिळाछापखाना चालवला. यादवी युद्धातून नुकत्याच बाहेर पडलेल्या अमेरिकेत ही साधी गोष्ट नव्हती. त्याच्या चित्रात मधोमध डोंगरउतारावर विखुरलेलं गाव आहे आणि चौकटीभोवती दुकानं, हॉटेलं, कचेऱ्या यांची छोटी स्वतंत्र चित्रं. ही कडेची चित्रं नजरेआड करू नका. गावात पैसा कुणाकडे होता आणि तो मिरवायची हौस कुणाला होती, त्याची ती यादी आहे.

आता दुसरा, ऑगस्टस कॉखचा १८७५ चा नकाशा उघडा. पहिलं काम दिशा ठरवण्याचं. विहंगम नकाशात उत्तर वर असेलच असं नाही. चित्रकारानं गाव ज्या बाजूनं देखणं दिसतं ती बाजू धरलेली असते. इथे आपण पूर्वेकडून पश्चिमेला बघतो आहोत. पाठीमागे माउंट डेव्हिडसन, म्हणून उत्तर उजव्या हाताला. रस्ते उताराला आडवे, पायऱ्यांसारखे एकाखाली एक: वर ए, मग बी, मग सी, आणि खाली डी. बाजारपेठ सी स्ट्रीटवर. हा रस्ता सापडला की बाकी सगळं त्याच्या वर किंवा खाली असं सांगता येतं.

दुसरं काम खाली छापलेली सूची वाचणं. बहुतेक नकाशांच्या तळाशी क्रमांक आणि नावं असतात. घाईत लोक ती सोडून सरळ चित्रात घुसतात. निदान खाणींची नावं कागदावर उतरवून घ्या. उजवीकडे, म्हणजे उत्तरेला, ऑफिर आणि कन्सॉलिडेटेड व्हर्जिनिया. डावीकडे सरकत गूल्ड अँड करी, सॅव्हेज, हेल अँड नॉरक्रॉस. ही नावं एका ओळीत का येतात? कारण खाली जमिनीतली शीर तशीच उत्तर-दक्षिण गेली आहे. गाव खाणीच्या शेजारी वसलेलं नाही, खाणीच्या डोक्यावर वसलंय. इमारतींचा आकार बघा: खाणीच्या तोंडावर पाळणे ओढणाऱ्या यंत्रांच्या इमारती लांबलचक आणि उंच धुराड्यांच्या आहेत, शेजारची घरं त्यांच्यापुढे चिमुकली वाटतात.

मग आगगाडी. व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वे १८७० च्या सुरुवातीला गावात पोचली. जाताना ती खनिज कार्सन नदीकाठच्या गिरण्यांकडे खाली न्यायची आणि येताना लाकूड वर आणायची. लाकडाचा मुद्दा इथेच धरून ठेवा. डोंगरावर झाडी कुठे दिसते का ते शोधा, आणि मग आठवा की १८६० मध्ये फिलिप डाइडेसहायमर या जर्मन अभियंत्यानं इथे जाडजूड लाकडी चौकटी एकावर एक रचून खाणीचं छत तोलायची पद्धत काढली. टाहो सरोवराभोवतीची जंगलं तोडून ते लाकूड या डोंगराच्या पोटात उतरवलं गेलं. नकाशात हे दिसत नाही. दिसते ती लाकूड आणणारी गाडी आणि उघडा डोंगर. एवढी जोड आपण मनातल्या मनात द्यायची असते.

उताराच्या खालच्या अंगाला खाणीतून काढलेल्या दगडमातीचे ढिगारे आणि गरिबांच्या वस्त्या. चिनी मोहल्ला याच बाजूला होता. अशा वस्तीच्या बाबतीत चित्रकार हात आखडता घेतो. चर्चचा कळस रेखीव, बँकेच्या खिडक्या मोजून काढलेल्या, आणि इथे आल्यावर एकसारखी छपरं. सूचीतही या वस्तीला क्वचितच क्रमांक मिळतो. प्रत न घेणाऱ्याची इमारत कोण मन लावून काढणार? गावातला मोठा भाग असा बिननावाचा आहे हे ध्यानात ठेवून मगच "गावात काय काय होतं" यावर बोला.

शेवटी एक कोडं. २६ ऑक्टोबर १८७५ ला व्हर्जिनिया सिटीत प्रचंड आग लागली आणि गावाचा मोठा भाग, सेंट मेरीज चर्च आणि इंटरनॅशनल हॉटेलसकट, बेचिराख झाला. नकाशावरही साल तेच. मग यात आगीआधीचं गाव आहे की नंतरचं? हे ठरवायची रीत प्रत्येक खाणगावाला उपयोगी पडते: अशा इमारती शोधायच्या ज्यांचं बांधकाम कधी झालं ते पक्कं ठाऊक आहे. गावाच्या दक्षिण टोकाची चार मजली फोर्थ वॉर्ड शाळा १८७६ ची, आजही उभी आहे. ती नकाशात आहे का? नव्यानं बांधलेलं इंटरनॅशनल हॉटेल सहा मजली होतं. नकाशातलं किती मजली आहे? उत्तर मी सांगत नाही. दहा मिनिटं काढा, स्वतः शोधा. त्या दहा मिनिटांत पुढची पन्नास गावं वाचायची सवय लागते.

आगीचा हा प्रश्न एकट्या व्हर्जिनिया सिटीचा नाही. हेलेना १८७४ मध्ये जळलं, डेडवुड १८७९ मध्ये, क्रिपल क्रीक १८९६ च्या एप्रिलमध्ये, तेही एकाच महिन्यात दोनदा. लाकडी घरं, तेलाचे दिवे, पाण्याची टंचाई आणि डोंगरातला वारा. कोणत्याही खाणगावाच्या इतिहासात आधी आगीची तारीख शोधावी आणि मगच नकाशाचं साल बघावं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात किंवा सॅक्रामेंटोला राहणाऱ्या मराठी मंडळींना एक आगाऊ सल्ला: टाहोला तर तुमच्या चकरा होतातच. उत्तर किनाऱ्यावरून व्हर्जिनिया सिटी तासाभरावर आहे. नकाशाचे दोन-चार तुकडे मोठे छापून बरोबर न्या आणि सी स्ट्रीटवर चालत चालत ताडून बघा. कोलंबिया हे कॅलिफोर्नियातलं खाणगाव तर सरकारनं ऐतिहासिक उद्यान म्हणून राखलंय, आणि कुचेल-ड्रेसेल यांनी तेही काढलं आहे.

थापा पकडायच्या असतील तर सॅनबॉर्न

विहंगम नकाशाला साक्षीदार हवा, आणि तो आहे सॅनबॉर्न कंपनीचा आगविम्याचा नकाशा. १८६७ पासून ही कंपनी विमा कंपन्यांसाठी गावांचे मोजून काढलेले सपाट नकाशे छापत होती. विमेवाल्याला गावाच्या थाटामाटाशी कर्तव्य नव्हतं. इमारत पेटली तर किती भुर्दंड बसेल एवढंच त्याला कळायला हवं होतं. म्हणून रंगांची भाषा ठरलेली: पिवळं म्हणजे लाकडी, गुलाबी म्हणजे विटांचं, निळं म्हणजे दगडी. मजले, भिंतींची जाडी, पाण्याची टाकी, इमारतीत काय चालतं, सगळी नोंद. चिनी दुकानं आणि वेश्यावस्तीसुद्धा यात नोंदलेली सापडतात, जी विहंगम नकाशात अंग चोरून बसतात.

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्याच संकेतस्थळावर सॅनबॉर्नचे हजारो कागद आहेत. विहंगम नकाशाला सालानं जवळ असलेला कागद निवडा, एका पडद्यावर हा आणि दुसऱ्यावर तो उघडा. एकच चौक घेऊन चारही कोपरे ताडा. विहंगम नकाशात विटांची तीन मजली वाटणारी इमारत विम्याच्या कागदावर पिवळी, दुमजली निघाली की गंमत येते.

मूळ प्रत घ्यायचीच असेल तर

हे नकाशे बहुतेक शिळाछाप आहेत. दगडावर तेलकट खडूनं किंवा शाईनं काढायचं, पाणी आणि शाईचा हात फिरवायचा, कागद दाबायचा. नव्या छपाईतून ते वेगळे ओळखायला सराफाचं दहापट भिंग पुरतं, आणि सराव घरच्या घरी करता येतो. भिंतीवरच्या कॅलेंडरवर भिंग धरा: यंत्रानं पाडलेले एकसारखे, ओळीत बसलेले रंगीत ठिपके दिसतील. आता कुणाच्या तरी देवघरातलं रविवर्मा प्रेसचं जुनं लक्ष्मी-सरस्वतीचं चित्र मिळवा. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेला आणि पुढे लोणावळ्याजवळच्या मळवलीला गेलेला हा छापखानाही दगडावरूनच छापायचा. त्यातही ठिपके दिसतील, पण हातानं दिलेले, लहान-मोठे, वेडेवाकडे. कोणत्याच दोन ठिपक्यांचं जमत नाही. डोळ्याला हा फरक एकदा कळला की मग अमेरिकन नकाशा असो वा आपली लक्ष्मी, फसवणं कठीण. विहंगम नकाशात बहुधा काळी रेघ आणि एक-दोन फिक्या रंगछटा एवढंच असतं. रेघेत खडूचा दाणा दिसला पाहिजे.

भिंगाशिवायच्याही खुणा आहेत. ग्रंथालयाच्या नोंदीत नकाशाची लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये दिलेली असते. विकायला आलेल्या प्रतीचं माप मागवा. कागदाचं नाही, छापलेल्या चित्राचं. दोन्हींत मोठा फरक आला तर विषय संपला. आणखी एक युक्ती मला फार आवडते: ग्रंथालयाचा स्कॅन उघडून त्यातले डाग, घड्या, फाटलेला कोपरा लक्षात ठेवा. तेच डाग त्याच जागी विक्रेत्याच्या प्रतीवर "दिसत" असतील तर ती त्या स्कॅनचीच छपाई आहे. विसाव्या शतकात प्रामाणिकपणे काढलेल्या पुनर्मुद्रणांच्या खालच्या समासात तसं छापलेलं असायचं; समास कापून टाकलेली प्रत म्हणून नेहमी संशयानंच बघावी. अतिनील दिव्याखाली कागद निळसर पांढरा झगमगला तर तो साधारण १९५० नंतरचा, कारण कागद उजळ करणारी रसायनं त्या सुमारास वापरात आली.

मजकुरात "डेल." असं दिसलं तर त्या नावाच्या माणसानं चित्र काढलं, "लिथ." म्हणजे छापणारा, "पब." म्हणजे प्रकाशक. तिन्ही नावं विक्रेत्याच्या वर्णनात हवीत. वर्णनात "रेप्स" आणि पुढे क्रमांक असेल तर तो जॉन रेप्स या इतिहासकारानं १९८४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अमेरिका-कॅनडातल्या नगरदृश्यांच्या सूचीतला क्रमांक. क्रमांक दिला म्हणजे प्रत खरी, असं अजिबात नाही. विक्रेत्यानं निदान अभ्यास केलाय, इतकंच.

भडक लाल-हिरव्या रंगांना भुलू नका. मूळ दोन छटांत छापलेल्या पुष्कळ प्रतींवर नंतरच्या विक्रेत्यांनी हातानं रंग चढवले आहेत. तसा रंग वाईटच असतो असं नाही, पण त्यासाठी जास्त पैसे मोजायचं कारण नाही. कापडावर चिकटवलेली प्रत, घडीवर फाटलेली, फ्रेमच्या पुठ्ठ्यानं कडा तपकिरी झालेली, अशा प्रती स्वस्त मिळतात. पहिल्या खरेदीला मी तशीच घ्यायला सांगेन, फक्त मधलं गाव शाबूत हवं. प्रसिद्ध खाणगावाची स्वच्छ प्रत हजारो डॉलरच्या घरात जाते आणि नवख्यानं त्या वाटेला जाऊ नये. दूरचं, कमी नावाजलेलं गाव घ्या. चित्रकार तोच असतो, मेहनत तीच असते.

भारतात आणल्यावर

मुंबई, कोकण, गोव्याच्या पावसाळ्यात जुना कागद जगवणं हेच खरं काम. कोपऱ्यावरचा फ्रेमवाला सवयीनं मागे हार्डबोर्ड लावतो आणि चित्र गोंदानं चिकटवतो. त्याला उभं राहून सांगा: माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि मागचा पुठ्ठा आम्लरहित हवा, चित्र जपानी कागदाच्या पट्ट्यांवर वरच्या बाजूनं टांगलेलं हवं, काच कागदाला टेकता कामा नये. त्याला हे जमत नसेल तर कुरकुर न करता चित्र घेऊन परत या. बाहेरच्या भिंतीवर लावू नका, तिथे ओल झिरपते आणि मागून बुरशी धरते. थेट उन्हात तर नाहीच. जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा फ्रेमची मागची बाजू बघा. कसर नेहमी मागूनच शिरते. खरं सांगायचं तर भिंतीवर लावायला मोठ्या फाइलवरून काढलेली चांगली छपाई पुरते. मूळ प्रत सपाट फोल्डरमध्ये, कोरड्या कपाटात राहू द्या.

आणखी एक गोष्ट परदेशातून परत येणाऱ्यांसाठी. भारताच्या १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू देशाबाहेर नेण्यावर कडक निर्बंध आहेत. कॅलिफोर्नियात घेतलेला १८७५ चा नकाशा हौसेनं पुण्याला आणला आणि तीन वर्षांनी पुन्हा बदली झाली, तर तो परत नेताना विमानतळावर प्रश्न येऊ शकतो. आणण्यापूर्वीच सीमाशुल्क खात्याकडे आणि पुरातत्त्व खात्याकडे चौकशी करा. खरेदीची पावती, आयातीचे कागद, विक्रेत्याचं वर्णन आणि प्रतीचे दोन्ही बाजूंचे फोटो एका लिफाफ्यात ठेवा, आणि तो लिफाफा फ्रेमच्या मागे चिकटवू नका.